मी, सबनेटमालक

माझ्या नावावर सातबारा नाही. कोथरूडचा फ्लॅट कर्ज फिटेपर्यंत बँकेचा आहे, गाडी बायकोच्या नावावर आहे, आणि गावाकडच्या जमिनीला वाटेकरी इतके की माझ्या वाट्याला फार तर बांध येईल. त्यामुळे पन्नाशी उलटल्यावर ऑफिसच्या एका तक्त्यात 'मालक' या रकान्याखाली माझं नाव आलं, याचं मला केवढं अप्रूप वाटलं असेल ते समजून घ्या. रात्री जेवताना मी विषय काढलाच.

"कशाचा मालक?" मुलीने विचारलं.

"पासष्ट हजार पाचशे छत्तीस आयपी पत्त्यांचा."

"विकता येतात?"

"नाही, खासगी पत्ते आहेत. १९९६ साली तसा नियमच झालाय. दहाच्या आकड्याने सुरू होणारे पत्ते जगात कुणीही आपापल्या कंपनीत, घरात वापरावेत."

"म्हणजे जे सगळ्या जगाचं आहे, त्याचा तू मालक."

मुलगी कायदा शिकते. अशा मुलांसमोर आनंदाच्या गोष्टी बोलू नयेत.

हे मालकपण मी ओढवून घेतलं ते असं. आमची कंपनी अमेरिकन गिऱ्हाइकांची कामं करते, आणि सगळी यंत्रणा एडब्ल्यूएसच्या उत्तर व्हर्जिनियातल्या रीजनमध्ये आहे. प्रत्येक प्रकल्पाला वेगळं अकाउंट. ही शिस्त चांगलीच आहे. एकाने घोळ घातला तर शेजाऱ्याला धग लागत नाही, आणि कुणी किती उधळलं ते महिनाअखेरीला कळतं. अशी चाळीसएक अकाउंटं एका ऑर्गनायझेशनखाली नांदत होती. पण अकाउंट वेगळं म्हटल्यावर प्रत्येकाने नेटवर्कही वेगळं मांडलं. मांडलं म्हणजे आयतं मिळालं ते वापरलं. नव्या अकाउंटात एक डीफॉल्ट व्हीपीसी तयारच येतं आणि त्याचे पत्ते नेहमी १७२.३१.०.०/१६ हेच असतात. चाळीस अकाउंटं, चाळीस नेटवर्कं, आणि सगळ्यांचे पत्ते तेच! मग हजेरीच्या सॉफ्टवेअरला पगाराच्या सॉफ्टवेअरशी बोलायची वेळ आली. दोन व्हीपीसींचे पत्ते एकमेकांवर चढत असतील तर त्यांचं पीअरिंग होत नाही. तेव्हा हजेरीवाले दर महिन्याला एक एक्सेल फाइल पगारवाल्यांना मेलने पाठवायचे. कंपनी क्लाउडवर जाऊन वर्षं झाली होती, हजेरी मात्र मेलनेच जात होती.

शिवाय पैसा. खासगी सबनेटमधल्या यंत्राला बाहेर इंटरनेटवर जायचं तर नॅट गेटवे लागतो. व्हर्जिनियात त्याचे तासाला साडेचार सेंट पडतात, आणि त्यातून जाणाऱ्या प्रत्येक जीबीला आणखी साडेचार सेंट. साडेचार सेंटचं कुणाला काही वाटत नाही. पण महिन्याचे ७३० तास धरले की एक गेटवे नुसता बसून ३२-३३ डॉलर खातो. असे प्रत्येक अकाउंटात दोन-दोन, तीन-तीन.

बैठकीत हा विषय निघाला. एरवी मी बैठकीत बोलत नाही, बिस्किटं खातो. त्या दिवशी नेमकी बिस्किटं नव्हती. मी म्हणालो, "नोव्हेंबर २०१८ पासून सबनेट शेअर करता येतं. एका अकाउंटात एक मोठं व्हीपीसी मांडायचं आणि त्यातली सबनेटं बाकीच्या अकाउंटांना वापरायला द्यायची. यंत्रं ज्याची त्याच्या अकाउंटात. पत्ते, राउट टेबल आणि गेटवे सगळ्यांचे मिळून एकाच ठिकाणी."

साहेबांनी विचारलं, "हे तुम्ही केलंय कधी?"

"वाचलंय."

वाचलं होतं ते घोषणेचं पान. मर्यादांचा भाग मी सवडीने वाचणार होतो.

"मग तुम्हीच बघा," साहेब म्हणाले. आपल्याकडच्या कंपन्यांत निम्म्याहून अधिक जबाबदाऱ्या या तीन शब्दांनी वाटल्या जातात, असा माझा अनुभव आहे.

मी १०.२०.०.०/१६ एवढा ऐसपैस पट्टा घेतला आणि लगेच काटकसर सुरू केली. सबनेटं केली ती /२४ ची, म्हणजे प्रत्येकी २५६ पत्ते. त्यातले पाच एडब्ल्यूएस स्वतःकडे ठेवते. पहिला नेटवर्कचा, दुसरा राउटरचा, तिसरा डीएनएसचा, चौथा पुढेमागे लागला तर असावा म्हणून, आणि शेवटचा ब्रॉडकास्टचा. व्हीपीसीत ब्रॉडकास्ट चालत नाही, तरी त्याचा पत्ता राखीव आहे. उरले २५१. एक सबनेट मी डेटा टीम आणि पगारवाल्यांना मिळून दिलं. कुणीतरी विचारलं, पुरेल का? मी म्हणालो, "दोन्ही टीममध्ये मिळून तेवढी माणसं तरी आहेत का?" पत्ते माणसांना लागत नाहीत, हे मी पंचवीस वर्षं नेटवर्किंगमध्ये काढून बोलत होतो.

खरा वेळ गेला तो नावांत. पुण्यातल्या इंजिनियरने सर्व्हरला गडाचं नाव दिलं नाही असं आमच्या पिढीत तरी घडलेलं नाही. पण मी नुसती नावं दिली नाहीत, पद्धत लावली. इंटरनेटला उघडी असतील ती सबनेटं भुईकोट. त्यांना चाकण, नळदुर्ग, सोलापूर अशी नावं. आतली खासगी सबनेटं डोंगरी किल्ले, म्हणजे राजगड, तोरणा, पुरंदर. आणि डेटाबेसची सबनेटं जलदुर्ग, कारण तिथे होडीशिवाय कुणी पोचू नये. जसा सिंधुदुर्ग. नेटवर्क मांडून दुपारपर्यंत झालं होतं. नावांवर मी पुढचे कित्येक दिवस खूश होतो.

वाटपाआधी ऑर्गनायझेशनच्या मॅनेजमेंट अकाउंटातून शेअरिंगची परवानगी चालू करावी लागते. तो कारभार आमच्या वित्तविभागाच्या मॅडमकडे, कारण सगळी बिलं तिथे येतात. त्यांनी मेलवर एवढंच विचारलं, "याने खर्च वाढेल का?" मी उत्तर दिलं, "कमी होईल, मॅडम." हे उत्तर त्यांनी जपून ठेवलं.

सबनेटं वाटली आणि दुसऱ्या दिवशी डेटा टीममधल्या मुलाचा फोन आला. हुशार पोरगा, पण प्रश्न फार विचारतो.

"सर, सबनेट आलं. पण तोरणा कुठला?"

"नाव बघ ना. लिहिलंय तोरणा."

"नावाचा रकाना रिकामा आहे, सर. नुसतं 'सबनेट' आणि पुढे सतरा आकडे-अक्षरं. अशी तीन आहेत."

सबनेट शेअर होतं, त्याचे टॅग शेअर होत नाहीत, आणि नाव हा एक टॅगच असतो. माझे सगळे गडकोट माझ्याच अकाउंटात उभे होते. बाकीच्या अकाउंटांत नुसत्या बिननावाच्या जागा. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, म्हणून मी आवाजात धीर आणला.

"असं कर, झोन बघ. तोरणा ए झोनमध्ये आहे."

"ए मध्ये काहीच नाही, सर. एक बी मध्ये आहे, एक सी मध्ये, एक एफ मध्ये."

"एफ मध्ये मी काही बांधलेलंच नाही!"

"मग हे कुणी बांधलं, सर?"

तो त्याच्या पडद्यावर एफ दाखवत होता, मी माझ्या पडद्यावर ए दाखवत होतो, आणि सबनेट एकच होतं. मी त्याला म्हटलं, तू चुकीच्या रीजनमध्ये आहेस. तो नव्हता. मग म्हटलं, लॉगआउट होऊन परत ये. तो आला, एफही आला. शेवटी मी म्हटलं, "ब्राउझरचा कॅश साफ कर." आमच्या धंद्यात ज्ञान संपलं की हे वाक्य म्हणतात.

दोघंही बरोबर होतो. व्हर्जिनियासारख्या जुन्या रीजनमध्ये झोनची अक्षरं प्रत्येक अकाउंटात वेगळी पिसलेली असतात. तसं केलं नाही तर सगळं जग पहिल्या ए मध्येच गर्दी करेल. माझा ए तो त्याचा एफ. सगळ्या अकाउंटांत सारखा राहतो तो झोनचा आयडी, यूएसई१-एझेड४ असा काहीतरी. तो पडद्यावर दिसतही असतो, पण माझ्या नजरेला गडांखेरीज काही दिसत नव्हतं. दरम्यान मी सगळ्यांना लेखी सूचना पाठवून बसलो होतो की ॲप आणि डेटाबेस दोन्ही ए मध्येच ठेवा. कारण एकाच झोनमधली देवाणघेवाण फुकट असते, झोन ओलांडला की जीबीमागे जाताना एक सेंट आणि येताना एक सेंट. ज्यांना ए दिसला त्या सगळ्यांनी ही सूचना पाळली. ॲपवाल्यांनी आपल्या ए मध्ये ॲप ठेवलं, डेटाबेसवाल्यांनी आपल्या ए मध्ये डेटाबेस. दोघांचे ए वेगवेगळ्या इमारतींत होते, आणि मी फुकट म्हणून सांगितलेल्या प्रत्येक जीबीचे पैसे पडत होते. ज्यांना ए दिसला नाही, त्यांनी मला फोन केले. ते स्वस्तात सुटले.

मग मी एक एक्सेल केलं. गडाचं नाव, सबनेटचा आयडी, झोनचा आयडी. आणि ते सगळ्यांना मेलने पाठवलं.

मधे एका शुक्रवारी संध्याकाळी मी नेटवर्क एसीएलचे बाहेर जाणारे नियम जरा आवळले. एसीएलला स्मरणशक्ती नसते. आत आलेल्या विनंतीचं उत्तर बाहेर जायला १०२४ ते ६५५३५ पर्यंतची पोर्टं वेगळी उघडी ठेवावी लागतात. मी ती बंद केली होती. पूर्वी माझ्या असल्या उद्योगाने एखादा प्रकल्प बंद पडायचा. आता नेटवर्क सामाईक होतं, सगळेच पडले. एक सोय झाली, फोन इतके एकदम आले की एकही घेता आला नाही.

पण मालकी म्हणजे काय ते मला तोरण्याने शिकवलं.

डेटा टीमने तोरण्यात कुबरनेटिस मांडलं, एडब्ल्यूएसचं ईकेएस. त्यात प्रत्येक पॉडला सबनेटमधला खराखुरा पत्ता लागतो. इथवर ठीक. पण पत्ते वाटणारा जो प्लगइन असतो, तो कुणी काही सांगितलं नाही तर प्रत्येक यंत्रामागे एक अख्खा नेटवर्क इंटरफेस आगाऊ जोडून ठेवतो, उद्या पॉड आले तर धावपळ नको म्हणून. सुट्टीच्या दिवसांत स्वारगेटला एसटी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी आणि प्रसंगी धाकटं पोर आत टाकून बाक धरणारे गृहस्थ असतात, हा प्लगइन त्यांच्यापैकी आहे. एम५.लार्ज या बेताच्या यंत्राला तीन इंटरफेस जोडता येतात, एकेकावर दहा पत्ते. पॉड चारच असले तरी यंत्र दोन इंटरफेस, म्हणजे वीस पत्ते अडवून बसतं. मुलाने बारा यंत्रं लावली होती. बारा गुणिले वीस, दोनशे चाळीस. २५१ मधले उरले अकरा.

पगारवाल्यांना त्याच सबनेटमध्ये लोड बॅलन्सर टाकायचा होता. ॲप्लिकेशन लोड बॅलन्सर सबनेटमध्ये किमान आठ पत्ते मोकळे मागतो. अकरा होते, म्हणजे व्हायला हरकत नव्हती. पण त्या रात्री डेटा टीमचं काम वाढलं, तेरावं यंत्र आपोआप चालू झालं, आणि त्याने आल्या आल्या रुमाल टाकला.

तारीख तीस होती.

मी तोरणा उघडून बसलो. मालकाला सगळं दिसतं. कोणते इंटरफेस, कुणाच्या अकाउंटातले, त्यांना कोणते सिक्युरिटी ग्रुप लावलेत, सगळं. हात मात्र कशालाच लावता येत नाही. दुसऱ्याच्या अकाउंटातला इंटरफेस मालकाला काढता येत नाही. आणि एकदा केलेलं सबनेट मोठंही करता येत नाही. माझ्या व्हीपीसीत हजारो पत्ते ओस पडले होते आणि तोरण्यात एक मिळत नव्हता. मी मुलाला फोन लावला.

"सर, तुम्ही मालक आहात ना? मग वाढवा की सबनेट."

"वाढत नाही ते."

"मग आमची यंत्रं काढा."

"मला काढता येत नाहीत."

"मग तुम्हाला काय करता येतं, सर?"

"तुला विनंती."

तो बिचारा भला होता. त्याने यंत्रं कमी केली, पण तोवर पगाराची वेळ हुकली होती. कंपनीचा पगार उशिरा झाला, त्यात माझाही होता. लोकांनी चौकशी केली तेव्हा तो तक्ता पुन्हा निघाला. 'मालक' हा रकाना कशासाठी छापलेला असतो ते मला त्या दिवशी कळलं.

दुरुस्ती तशी सरळ होती. टेलिफोन कंपन्यांच्या सामाईक वापरासाठी २०१२ साली १००.६४.०.०/१० हा पट्टा राखून ठेवलेला आहे. त्यातला एक तुकडा व्हीपीसीला जोडला, पॉडसाठी त्यात मोठं सबनेट काढलं, आणि प्लगइनला सांगितलं की बाबा, मोजकेच पत्ते धर. हे सगळं आधी करता आलं असतं. ते ज्या पानावर लिहिलं होतं, ते पान मी तेव्हा वाचलं.

त्यानंतर बिल आलं.

सामाईक व्हीपीसीत ज्याची यंत्रं त्याचं भाडं तो भरतो, पण नॅट गेटवे मालकाचा, म्हणून त्याचं भाडं आणि त्यातून गेलेल्या प्रत्येक जीबीचे पैसे मालकाच्या अकाउंटावर. डेटा टीम रोज रात्री एसथ्रीमधून चार टीबी फाइली ओढत होती, आणि त्या सगळ्या माझ्या नॅटमधून येत होत्या. हिशेब सोपा आहे, रात्रीला १८० डॉलर. एसथ्रीसाठी गेटवे एंडपॉइंट नावाची सोय असते, तिला एक पैसा पडत नाही. फक्त राउट टेबलमध्ये ती जोडावी लागते. राउट टेबलला हात लावायचा अधिकार फक्त मालकाला, आणि हा एक अधिकार खरोखर माझ्याकडे होता. तो मी सगळ्या गडांवर वापरला होता. तोरणा राहिला होता.

मॅडमनी मला माझाच मेल परत पाठवला. "कमी होईल, मॅडम" ही ओळ पिवळी केलेली होती, खाली एक शब्द नाही. सगळ्या जुन्या गेटवेंचं मिळून जेवढं भाडं जायचं, त्याहून जास्त पैसे या एका वाटेने गेले होते. आणि डेटा टीमच्या बिलात या खर्चाचा रकाना शून्य होता. त्या तिमाहीत काटकसरीचं प्रशस्तिपत्रक त्यांना मिळालं. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. पहिल्याच रांगेत बसवलं होतं, न वाजवून कुणाला सांगतो?

घरी हे सांगितल्यावर मुलीने जेवण थांबवून नीट ऐकून घेतलं. तिला प्रथमच माझ्या कामात रस वाटलेला दिसला.

"वापर त्यांचा. काढता तुला येत नाही. पैसे तू भरायचे," ती म्हणाली. "बाबा, याला मालक नाही म्हणत."

"मग?"

"जामीन."

बायको म्हणाली, "तरी मी सांगत होते, सह्या करू नका कुठे."

आता एवढं झाल्यावर मी जुना तोरणा मोडायचं ठरवलं. शेअरिंग काढून घेतलं. काढून घेतलं की नवीन काही टाकता येत नाही, पण आधीपासून जे आहे ते सुखाने चालू राहतं, आणि शेवटचा इंटरफेस जाईपर्यंत मालकाला स्वतःचं सबनेट डिलीट करता येत नाही. सगळे गेले, एक राहिला. त्यावर काही वाहतूक दिसत नाही. तो कशाचा आहे असं डेटा टीमला विचारलं, तर उत्तर आलं, "माहीत नाही सर, पण काढू नका. आहे म्हणजे कुणाला तरी लागत असेल." तो मुलगा आता दुसऱ्या कंपनीत बंगळूरला असतो. त्यालाही विचारून पाहिलं. त्याने मला कॅश साफ करायला सांगितलं.

तेव्हा डेटा टीमपैकी कुणाच्या हाती हा लेख पडला तर हात जोडून विनंती आहे. तो इंटरफेस तुमच्याच अकाउंटात आहे, पत्ता १०.२०.४.१७. तो तेवढा डिलीट करा. तोरणा हे नाव तुमच्याकडे दिसणार नाही. आयडी मेलने पाठवलेल्या एक्सेलमध्ये आहे, दुसरा रकाना.